एका सुट्टीसाठी उमेदवारी

खरं कारण आधीच सांगून टाकतो. मी नगरपालिकेच्या निवडणुकीला उभा राहिलो तो नालीसाठी नव्हे. पत्रकात नाली होती, रिक्षावरच्या भोंग्यात नाली होती आणि आमच्या गल्लीत तर ती बारा महिने आहेच. पण मी उभा राहिलो तो माझी लेक निकिता एक दिवस घरी यावी म्हणून. लोक नावासाठी उभे राहतात, भावकीची जिरवायला उभे राहतात. मी एका भरपगारी सुट्टीसाठी उभा राहिलो.

निकिता पुण्याला हिंजवडीत एका कंपनीत आहे. तिथं ती नेमकं काय करते हे तिनं मला तीन वेळा समजावून सांगितलं आणि तिन्ही वेळा मी "असं व्हय" म्हणालो. मागच्या वर्षी उन्हाळ्यात ती चार दिवस येऊन गेली, त्यानंतर आलीच नाही. पंचमीला नाही, दिवाळीला नाही. येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, आमच्याकडं सगळा धाराशिव जिल्हा शेतात जाऊन भज्जी-आंबील खातो, दुकानं बंद असतात, रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. त्या दिवशी ती ऑफिसात बसून डब्यातला पुलाव खात होती. तिच्या आईनं विचारलं तर म्हणाली, "रजा न्हाय गं." आम्ही दोघंच पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीपुढं बसलो आणि तिच्या वाटणीची भज्जी शेजारच्या वावरात पाठवून दिली.

आता आमच्या घरात "तुझी आठवण येते" वगैरे बोलायची चाल नाही. माझ्या वडलांनी मला असं कधी म्हटलं नाही आणि त्यांच्या वडलांनी त्यांना म्हटलं असेल असं त्यांच्या फोटोवरून वाटत नाही. निकिताचा फोन आला की मी "जेवलीस का?" विचारतो. ती "हो" म्हणते. मग मी "आईला देतो" म्हणतो. एवढ्यात माझं प्रेम आटोपतं. पुढचा अर्धा तास शिवकन्या, म्हणजे आमची ही, बोलते आणि मी पेपर उलटा धरून ऐकतो.

मार्चमधल्या अशाच एका फोनवर निकिता म्हणाली, "अप्पा, मतदानाला सुट्टी मिळती बरं का आमच्यात. भरपगारी. गेल्या वेळी एक पोरगा नांदेडला जाऊन आला. पण त्या भागवतकाकांना मत द्यायला अडीचशे किलोमीटर कोण येणार? तुम्ही उभं राहा, मी येते." आणि हसली.

ती हसली, पण मी नाही हसलो. मी तहसील कचेरीत छत्तीस वर्षं काढली आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. माणसांच्या कबुलीवर माझा भरवसा बेताचा. माया पातळ होते, शासन निर्णय मात्र रद्द होईपर्यंत लागू असतो. मतदाराला मतदानाची सुट्टी द्यायलाच लागते, आणि निकिताचं नाव आमच्याच प्रभागात होतं. ती अठरा वर्षांची झाली त्या आठवड्यात मी स्वतः अर्ज भरला होता. म्हणजे मी उभा राहिलो की ती येणार, तिचा साहेब आडवा पडला तरी येणार. इतकी पक्की योजना माझ्या हातून आयुष्यात दुसरी झाली नव्हती.

हिला सांगितलं, तर ही म्हणाली, "लेकीला ये म्हणा की सरळ. त्यासाठी इलेक्शन कशाला पायजे?"

बायकांना प्रशासनातलं कळत नाही, असं मी तेव्हा मनात म्हणालो. आता म्हणत नाही.

समोरच्या घरातले जैनोद्दीन टेलर हे आमचे चाळीस वर्षांचे शेजारी. दुकान पुढं, घर मागं. आता नजर कमी झाल्यामुळं ते फक्त उशांचे अभ्रे शिवतात, पण सल्ला मात्र अजून सुटाबुटाचा देतात. त्यांना माझं खरं कारण सांगितलं नाही. नाली सांगितली. ते म्हणाले, "अप्पा, इलेक्शन म्हंजे कपडा हाय. आधी माप घ्यावं, मंग कात्री लावावी. माप कुठं असतंय? मतदार यादीत."

मग त्यांनी माप समजावलं. प्रभागात अकराशे मतं. त्यातली साठ-सत्तर पुण्याला असणाऱ्या पोरांची. दर निवडणुकीला भागवतराव, म्हणजे आमचे मावळते नगरसेवक, पुण्याला ट्रॅव्हल पाठवतात, वाटेत इंदापूरला जेवू घालतात आणि बस भरून पोरं मतदानाला आणतात. खाल्ल्या मिठाला जागून पोरं त्यांना मत देतात. गेल्या वेळी ते बावन्न मतांनी आले. "हे बाहेरगावचं कापड कापून टाका," जैनोद्दीन म्हणाले, "मंग बघू भागवतराव कसे येतेत."

माझ्यातला कारकून जागा झाला. गाव सोडून गेलेल्याचं नाव यादीतून कमी करायला नमुना सात हा अर्ज असतो. कायदेशीर गोष्ट. उलट यादी शुद्ध ठेवणं हे सुजाण नागरिकाचं कर्तव्यच आहे, असं मी चहा पिता पिता बोललोही. जैनोद्दीनच्या घरच्यांनी, नूरुन्निसाभाभींनी, मतदार यादी आणि पेन्सिल घेऊन घरोघर चौकशी केली, "तुमच्यातलं पुण्याला कोण कोण हाय?" लोकांनी अभिमानानं सांगितलं. भाभींना वाटलं काही निमंत्रणाची यादी असेल. कामाचं कारण जैनोद्दीननं बायकोला सांगितलं नव्हतं, आणि मी माझ्या बायकोला. पुढच्या सगळ्या रामायणाचं मूळ इथं आहे.

भाभींच्या खुणा त्रेसष्ट भरल्या. मग जैनोद्दीन भिंग लावून खुणेपुढचा अनुक्रमांक वाचायचे आणि मी यादीत तो आकडा शोधून फॉर्म भरायचो. कचेरीत एका वेळी दहाच घेऊ म्हणाले, म्हणून सात दिवस खेटे घातले. अक्षर माझं पहिल्यापासून चांगलं. त्रेसष्ट फॉर्म, कारणाच्या रकान्यात त्रेसष्ट वेळा "स्थलांतरित", एकही खाडाखोड नाही. शेवटचा फॉर्म दिला त्या दिवशी मला नोकरीत असल्यासारखं वाटलं आणि मी येताना हिच्यासाठी पावशेर खवा आणला.

त्यानंतर निवडणूक आज होते, उद्या होते, करत करत नोव्हेंबर उजाडला. उमेदवारी अर्ज भरायचा म्हणजे काय असतं हे सभ्य माणसाला कळायचं काम नाही. सूचक, प्रतिज्ञापत्र, थकबाकी नसल्याचा दाखला, हे सगळं ठीक. पण उमेदवाराच्या घरी शौचालय आहे आणि तो त्याचा नियमित वापर करतो, असाही एक दाखला लागतो. तपासणीला नगरपालिकेतून एक तरुण मुलगी आली. निकिताच्याच वयाची. म्हणाली, "काका, दारात उभं राहा, दार उघडं ठेवा." मी फेटा बांधून आलो होतो, मला वाटलं घराच्या दारात. तिला दुसरं दार पाहिजे होतं. छत्तीस वर्षं ज्या माणसानं हजारो दाखल्यांवर सही केली तो फेटा बांधून संडासाच्या दारात उभा राहिला आणि ती म्हणाली, "काका, जरा हसा." वरच्या गच्चीवरून निम्मी गल्ली बघत होती. मी निकिताला मनात म्हणालो, बाई, तुझ्यासाठी हेही केलं.

चिन्हाचं तर विचारूच नका. मला पाहिजे होती कपबशी, कारण ती सात्त्विक असते. तिच्यावर तिघांनी हक्क सांगितला, चिठ्ठी टाकली आणि मला आला प्रेशर कुकर. जैनोद्दीन म्हणाले, "चांगलं हाय अप्पा, बायकांची मतं." बायकांची मतं तर नाही, प्रश्न मात्र आले. ज्या दारात जावं तिथं पहिला प्रश्न, "अप्पा, कुकर कधी वाटणार?" मी म्हणायचो, ते चिन्ह आहे, वाटप करता येत नाही, आचारसंहिता आहे. ऐकणारी बाई समजूतदारपणे मान हलवायची आणि हळूच म्हणायची, "बरं बरं. इलेक्शन झाल्यावर तर चालतंय का?"

गल्लीच्या टोकाला बानूबाई राहतात. सत्तरीच्या पुढच्या, एकट्या, कंबरेत वाकलेल्या, जिभेनं ताठ. मला लहानपणापासून ओळखतात म्हणून अरेतुरे करतात. त्या म्हणाल्या, "किती लिटरचा हाय रं? मला एकटीला लहानच पायजे. पर मल्हार आला की तीन पुरत न्हाय. पाचाचा दे."

मल्हार त्यांचा लेक. चाकणला कारखान्यात. "कधी येतो?" मी विचारलं.

"मत द्यायला येतंय की. ट्रॅव्हल येती न्हवं भागवतची. दोन दिस ऱ्हातंय. येळ न्हाय त्याला बी." त्यांनी मला भिंतीवरचा मल्हारचा फोटो दाखवला, मग त्याच्या पोरीचा दाखवला, मग ट्रंकेतून पोरीचा फ्रॉक काढून दाखवला, जो तिला आता बसणार नाही. मी नालीवर बोलायला गेलो होतो. नालीचं नाव निघालंच नाही.

आणि हे एका घरी नाही. आमच्याकडं दारात आलेल्या माणसाला चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत, उमेदवार असला तरी. पहिल्या दिवशी सव्वीस घरं, सव्वीस चहा. पित्तानं छाती जळत होती. पण घरं सगळी सारखीच. म्हातारा, म्हातारी, टीव्ही, आणि वर पुण्याच्या पोराचा पदवीचा काळा झगा घातलेला फोटो. कुणाचा वाकडला, कुणाचा भोसरीला. "आमचा मतदानाला येणार हाय," प्रत्येक जण सांगायचा, आणि ते सांगताना आवाज बदलायचा. कुणी गाद्या उन्हात टाकल्या होत्या. एका गुरुजींनी तर पोराला आवडतो म्हणून अंगणात पंधरा दिवस आधी पेरूला कापड बांधून ठेवलं होतं. मला वाटत होतं की गल्लीत आपण एकटेच असे आहोत. मी कप खाली ठेवायचो आणि घाईनं म्हणायचो, "आमची निकिता पण येणार हाय." मग आम्ही दोन म्हातारे उगीच एकमेकांकडं बघून हसायचो. प्रचार म्हणाल तर एवढाच झाला.

मतदानाला नऊ दिवस राहिले आणि निकिताचा फोन आला. "अप्पा, ऑफिसला मतदार यादीचं पान द्यावं लागतंय सुट्टीसाठी. मी ऑनलाइन बघते, माझं नावच सापडत न्हाय."

मी म्हणालो, "नीट बघ. मी स्वतः भरलेला अर्ज हाय."

ती बघून थकली. तेवढ्यात जैनोद्दीन चष्मा कपाळावर घेऊन रस्ता ओलांडून आले. "अप्पा, समदचा फोन आलता. त्याचं नाव गायब हाय यादीतनं." समद त्यांचा धाकटा, पिंपरीत वेल्डिंगच्या कामावर.

माझं डोकं भणाणलं. उमेदवाराच्या मुलीचं नाव उडवतात म्हणजे काय? हे भागवतरावाचंच काम, यात मला तिळमात्र शंका उरली नाही. फेटा बांधला, जैनोद्दीनला मागं बसवलं आणि स्कूटर थेट कचेरीत. निवडणूक शाखेत अक्रम बसतो. माझ्या हाताखाली शिकलेला पोरगा, आता त्याचेही केस पिकलेत. मी उभ्या उभ्याच सुरू केलं, "अक्रम, लिहून घे तक्रार. माझ्या मुलीचं नाव कुणीतरी कट करून वगळलंय. हरकत घेणाऱ्या इसमावर फौजदारी गुन्हा दाखल करावा. असला नीच माणूस गजाआड पायजे."

"साहेब, बसा," अक्रम म्हणाला.

"बसणार न्हाय. आधी नाव सांग."

"साहेब, पाणी घ्या."

"नाव सांग म्हणतो न्हवं."

अक्रमनं कपाटातून एक फाईल काढली, हळूच माझ्यापुढं सरकवली आणि खाली बघत म्हणाला, "साहेब, अक्षर तुमचंच हाय."

मी बघितलं. अनुक्रमांक चारशे अकरा. नाव : निकिता. वडिलांचे नाव : सिद्रामप्पा. कारण : स्थलांतरित. एकही खाडाखोड नाही. 'नि'ची वेलांटी तर इतकी सुरेख आली होती की पोरांना कित्ता म्हणून द्यावी. त्याच्या दोन पानं पुढं समद, वडिलांचे नाव जैनोद्दीन.

तुम्ही म्हणाल, स्वतःच्या मुलीचं नाव लिहिताना माणसाला कळत कसं नाही? तुम्ही कारकुनी केली नाही म्हणून म्हणता. कारकून वाचत नसतो, नक्कल करत असतो. आकडा ऐकायचा, ओळ शोधायची, उतरवायची, पुढचा. वाचत बसलो असतो तर छत्तीस वर्षांत निम्मे कागद निघाले नसते. मी नोकरीत कितीतरी लोकांची नावं अशीच लिहिली असतील आणि त्यांच्याही घरी कुणीतरी वाट बघत असेल, हे मला त्या खुर्चीत पहिल्यांदा सुचलं.

"पण चौकशी करायला पायजे होती," मी पुटपुटलो. "एवढा एकच कागद बघून नाव काढतेत व्हय?"

"केली की चौकशी." अक्रमनं पान उलटलं. यादीच्या पडताळणीचं काम दिलेल्या शाळेच्या जगदेवीबाई जूनमध्ये घरोघर फिरून गेल्या होत्या, त्यांचा पंचनामा. आमच्या घरी मी नव्हतो, शिवकन्या होती. जगदेवीबाईंनी विचारलं, निकिता इथं राहते का. खाली हिचा जबाब जसाच्या तसा होता, "न्हाय हो बाई. ती पुण्यालाच असती. वर्ष होऊन गेलं, घरी आली न्हाय. सणाला बी येत न्हाय. तिच्या अप्पांना लई वाटतंय पर बोलत न्हाईत." आणि खाली हिची सही.

मी ते शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. शासकीय कागदावर माझ्याबद्दल असं काही लिहिलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. अक्रम खिडकीबाहेर बघत होता, जैनोद्दीन भिंग पुसत होते. "परत घालता येत न्हाय का?" मी विचारलं. यादी एकदा कायम झाली की नाव घालता येत नाही, हे त्याला शिकवणारा मीच.

बातमी संध्याकाळपर्यंत गल्लीभर झाली. एक निकिता, एक समद असते तर लोक हसून गप बसले असते. पण त्रेसष्ट घरांनी आपापल्या फोनवर यादी बघितली. भागवतराव हुशार माणूस. ते मला एक शब्दही वाईट बोलले नाहीत. त्यांच्या रिक्षावर फक्त एवढंच सांगत होते, "आदरणीय अप्पांनी आपली लेकरं यादीतून कमी केल्यामुळं यंदा पुण्याची गाडी येणार नाही, याची नोंद घ्यावी. आम्ही दिलगीर आहोत." रिक्षा मुद्दाम आमच्या दारासमोर सावकाश जायची.

मी घरोघर जाऊन माफी मागायची ठरवलं. या वेळी चहा मिळाला नाही, तेवढा पित्ताला आराम पडला. गुरुजींनी दार उघडलं, मला बघितलं आणि माझ्यासमोरच पेरूचं कापड सोडायला लागले. नूरुन्निसाभाभींनी जैनोद्दीनशी बोलणं बंद केलं. ते दुकानातच बसून राहायचे आणि मला म्हणायचे, "अप्पा, तुमाला तर वाचता येतं हो."

बानूबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. मी हात जोडले. त्या म्हणाल्या, "माझं लेकरू पाच वर्षांतनं एकदा, त्या मतापायी येतंय. माझ्यापायी न्हाय येत, मला काय कळत न्हाय व्हय? पर येतंय की. जेवतंय, झोपतंय, घोरतंय, मी ऐकत बसती. तेवढं बी तोडलंस."

मी काहीतरी आचारसंहितेचं, यादीच्या शुद्धीकरणाचं बोललो. बोलता बोलता मलाच लाज वाटली आणि मी उठून आलो.

निकिताला सांगणं भाग होतं. फोन हिनं लावला आणि माझ्या हातात देऊन ही आत गेली. मी सगळं क्रमवार सांगितलं, संदर्भ क्रमांकासह. ती इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "अप्पा, स्वतःच्या पोरीला? तेही चांगल्या अक्षरात?" मग हसू थांबलं आणि ती म्हणाली, "बरं, मग आता सुट्टी न्हाय मिळायची. आणि मत पण न्हाय. आता येऊन काय करू अप्पा?"

इथं मला बोलता आलं असतं. मी म्हणालो, "बरोबर हाय. नियमानं न्हाईच मिळणार." आणि ठेवला फोन. रात्रभर स्वतःला शिव्या दिल्या, त्या इथं लिहीत नाही.

मतदानाच्या दिवशी शाळेपुढं आम्ही टेबल टाकून बसलो होतो, मी आणि जैनोद्दीन. एरवी त्या दिवशी गल्लीत जत्रा असते. पुण्याची पोरं नवे शर्ट घालून हिंडतात, आया त्यांच्या मागं ताटं घेऊन फिरतात. यंदा नुसते म्हातारे काठ्या टेकत येत होते, बोटाला शाई लावून घेऊन परत जात होते. आमच्या टेबलाकडं कुणी बघत नव्हतं. बानूबाई मात्र मत देऊन थेट समोर आल्या. "मत कुकराला दिलंय, म्हातारपणी शब्द फिरवायचा न्हाय म्हणून. पर तुझ्याशी बोलणार न्हाय," असं त्यांनी मला बोलून दाखवलं आणि निघून गेल्या.

मोजणी बऱ्याच दिवसांनी झाली. तोवर येळवसही होऊन गेली. मला एक्केचाळीस मतं पडली. त्यातली नऊ जैनोद्दीनच्या घरातली असणार असं मी धरून चाललो होतो, पण भाभींचा चेहरा बघून तेही खात्रीनं सांगत नाही. भागवतराव निवडून आले. पुण्याची बस नसतानाही आले, म्हणजे ते त्रेसष्ट फॉर्म भरायचीसुद्धा काही गरज नव्हती. गुलाल उधळत मिरवणूक आमच्या दारावरून गेली. भागवतराव खाली उतरले, माझ्या पाया पडले आणि म्हणाले, "अप्पा, नाली आपण करू." त्यांचं मन मोठं, पण मला त्या घडीला नाली नको होती.

त्या दुपारी घर लई रिकामं वाटलं. पत्रकांचे गठ्ठे, कुकरचा कागदी कटआउट, सगळं सोप्यात पडलेलं. आता कसलंच निमित्त शिल्लक नव्हतं. सण संपले, मत संपलं, पुढची निवडणूक पाच वर्षांनी, आणि माझं वय चौसष्ट. मी टेबलाशी बसलो, कोरा कागद घेतला आणि लिहिलं, "विषय : एक दिवस घरी येणेबाबत." खाली लिहिलं, "महोदया." पुढं लिहिलं, "उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की." तिथं पेन थांबलं. आयुष्यात पहिल्यांदा मला मजकूर सुचेना.

ही मागं येऊन उभी राहिली होती. तिनं कागद वाचला. "पोटच्या लेकीला अर्ज करताव व्हय?" ती म्हणाली, पण रागानं नाही. फोन माझ्यापुढं ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली.

मी स्वतः नंबर लावला. एका रिंगमध्ये उचलला गेला. "अप्पा? तुम्ही? आईला काय झालं?"

"आईला काय न्हाय झालं. चांगली हाय."

"मग? निकाल लागला?"

"पडलो."

"असू द्या. आणि काय?"

आणि काय, हे तिनं विचारलं तेव्हा "आईला देतो" हे शब्द जिभेवर तयारच होते. मी ते गिळले. म्हणालो, "निकी, तू ये."

"कधी? काही कार्यक्रम हाय का?"

"कायबी कार्यक्रम न्हाय. सण न्हाय, लग्न न्हाय, कुणी आजारी न्हाय. कारण काहीच न्हाय. मला तुझी लई आठवण येती बाळ. दीड वर्ष झालं तुला बघितलं न्हाय. मला तुला बघायचंय, एवढंच हाय."

मला वाटलं लाइन गेली. फोन कानावरून काढून बघितला तर सेकंद चालूच होते. मग नाक ओढल्याचा आवाज आला आणि निकिता म्हणाली, "अप्पा, हे मार्चमध्येच म्हणला असता तर तुमचं डिपॉझिट तरी वाचलं असतं."

ती हसत होती का रडत होती ते नीट कळलं नाही. माझंही तसंच होतं. "आणि रजा?" मी विचारलं.

"ते मी बघते. शुक्रवारी सकाळच्या गाडीनं निघते."

फोन हिला द्यावा म्हणून मी स्वयंपाकघरात गेलो. शिवकन्या चुलीपुढं बसून कढईत शेंगदाणे भाजत होती. निकिताला शेंगांची पोळी आवडते. "शुक्रवारी येती म्हणली," मी सांगितलं.

"ऐकलं," ती कढईतून नजर न काढता म्हणाली. "डोळे पुसा अन् एवढा गूळ किसून द्या."